बीप

(नॉर्थ कॅरोलायना. हॉस्पिटलची खोली. लहूच्या गुडघ्याचं ऑपरेशन काल झालंय. त्याच्या दंडावर दुखणं कमी करणाऱ्या औषधाची, बटण असलेली पट्टी.)

उपासना : आई, हात मागे घे! ते बटण तू नाही दाबायचं.

मीरा : मग कोण दाबणार? तुझे बाबा तर दाबत नाहीत.

उपासना : फक्त पेशंटनेच दाबायचं. गुंगी आली की त्याचा हात आपोआप थांबतो, तीच तर सेफ्टी आहे. दुसऱ्याने दाबलं तर औषध जास्त होईल, श्वास मंदावेल.

मीरा : बाप्पा रे! आणि असलं बनवायला कंपनी तुला पगार देते?

लहू : मला दुखतच नाही. उगाच कशाला दाबू?

मीरा : मग सकाळी थेरपिस्टने पाय वाकवला तेव्हा उशी काऊन चावली?

लहू : पीटीचा मास्तर होतो मी. पोरांसमोर कधी ‘आई गं’ केलं नाही.

उपासना : इथे कुठे पोरं आहेत, बाबा? खरं सांगा, काय चुकलंय? बटण घट्ट आहे? पट्टी खाजते? आमच्या टीमने यात चार वर्षं घातलीत.

लहू : पट्टी उत्तम आहे. फक्त वाजते.

उपासना : बीप? तो मुद्दाम ठेवलाय. औषध सुरू झालं हे पेशंटला कळायला.

लहू : पेशंटला कळतं गं. पण तुझ्या आईलाही कळतं. काल एकदाच औषध घेतलं, तर ही खुर्चीतून उठली, ‘फार दुखतंय का हो’ म्हणाली, आणि खिडकीशी जाऊन नाक ओढत बसली.

मीरा : एसीने सर्दी झालीय मला!

लहू : रात्रभर?

उपासना : अरे देवा. एवढ्या लोकांवर टेस्ट केलं, पण एकाच्याही खोलीत बायको नव्हती! पुढच्या व्हर्जनमध्ये व्हायब्रेशन टाकते.

लहू : तोवर हिला बाहेर बसव.

मीरा : मी कुठेही जाणार नाही. दाबा तुम्ही. रडले तर रडले. तुम्हाला काय त्रास आहे माझ्या रडण्याचा?

लहू : आहे ना.

उपासना : मी... कॉफी घेऊन येते.

मीरा : माझ्यात साखर घाल. हं, दाबा आता.

लहू : दोनदा दाबावं लागतं. एक. दोन.

मीरा : वाजलं. बघा, रडले का मी?

लहू : नाही.

मीरा : मग?

लहू : मीरा, फार दुखतंय गं.