हुकूम

जालना स्टँडवर अंबडच्या गाडीची वाट बघत माझ्या बाकावर माय-लेक बसले होते. दोघं ख्रिस्ती, लेक पोलीस.

“माय, रविवारी भोंगा अन् प्रार्थना बंद करायला साहेबांनी मलाच आपल्या घरी पाठवलं. रागावलीस का?”

“न्हाई रे प्रेम. तू भोंगा बंद करा म्हणलास, आम्ही लगेच केला. अधिकाऱ्याचं ऐकावं, असं शास्त्रातच हाय.”

“पण प्रार्थना चालूच ठेवली तुम्ही.”

“ती देवाची. ती कशी थांबवायची?”

“साहेब म्हणले, येत्या रविवारी सगळ्यांना उचलून आण. तुलाबी.”

“मंग आण. मी पळणार न्हाई, अन् तुला बोलणारबी न्हाई.”

“मी न्हाई म्हणून आलो, माय.”

“साहेबांना?”

“हां. म्हणलं, भोंग्याचा हुकूम बराबर पाळला. पण प्रार्थनेतून माणसं उचलायचं माझ्याच्यानं होणार न्हाई. तवापासून नोकरीचाच विचार करून राह्यलो. उद्या बोलावलंय त्यांनी.”

“जाणार ना?”

“जावं तर लागंलच.”

“जा. काय शिक्षा देतील ती निमूट घे, उलटून बोलू नको. वर्दीला इस्त्री मी करून देते.”