खिशातली बॅटरी

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले विभागप्रमुख साहेब, मंचावर बसलेल्या सुरक्षा अधिकारी मॅडम, भांडारप्रमुख, आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना अख्खा देखभाल विभाग थांबाकाका म्हणून ओळखतो ते आमचे काका, पहिल्या रांगेतल्या काकू, लेक, जावई, आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी फिटर आहे. हातात पाना दिलात तर काहीही खोलून दाखवीन, पण माईक दिलात की घाम फुटतो. म्हणून माझ्या मोठ्या नणंदबाईंनी, त्या शाळेत शिकवतात, मला चार पानी भाषण लिहून दिलं. पहिल्याच पानावर ‘जड अंतःकरणाने’ तीनदा आहे. सकाळी सगळं पाठ होतं. आता बघते तर पानं उलटसुलट लागली आहेत. मी आधी आभार मानते आहे आणि मग काकांचा जन्म होतो आहे. हसू नका हो, माझी खरंच पंचाईत झाली आहे.

तर पानं बाजूला ठेवते. साहेब, चालेल ना? वेळेचं भान ठेवीन.

काका दोन वर्षं आधी निवृत्त होत आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. अर्ज त्यांनी स्वतः केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘स्मरणशक्ती भरवशाची राहिली नाही.’ समारंभ संपला की साहेब आदेशावर सही करून तो त्यांच्या हाती देणार आणि सोमवारपासून त्यांच्या जागेवर मी बसणार. निरोप म्हणजे माणसाने गोड बोलावं. मीही गोडच बोलायला आले होते. पण परवापासून माझ्या डोक्याचा जो काही गुंता झाला आहे ना, त्यातून कुठलं टोक आधी ओढू तेच कळत नाही.

बरं, नाव थांबाकाका का पडलं, तिथून सुरू करते. नवीन आलेल्यांना माहीत नसेल. आपल्याकडे जुन्या चौकटी, गंजलेले पाईप, मोडक्या खिडक्या कापायला ती बॅटरीवरची रेसिप्रो करवत आहे, पातं मागेपुढे दणादण चालतं ती. अकरा वर्षांपूर्वी ती मी पहिल्यांदा उचलली आणि मागून आवाज आला, “थांबा!” मी दचकले. म्हटलं, काय झालं? काका म्हणाले, “काही झालं नाही. होऊ नये म्हणून थांबा. गॉगल कुठाय? ओढणी कुठे लोंबतेय? आणि कापणार काय आहात, लाकूड की लोखंड?” मी म्हटलं, दोन्ही. “मग दोन पाती लागतील. लाकडाला मोठ्या दातांचं, लोखंडाला बारीक दातांचं. दोघांना एकच पातं म्हणजे सगळ्या पायांना एकच चप्पल.”

आणि हे नियम फक्त आमच्यासारख्यांना नव्हते. साहेब, सांगू का? सांगतेच. साहेब नवे होते तेव्हा वर्कशॉप बघायला आले, हौसेने करवत उचलली. काका ओरडले, “थांबा साहेब! आधी टाय काढा, मग बोलू.” साहेबांनी निमूट टाय काढून खिशात घातला. आज साहेब हसत आहेत, पण त्या दिवशी आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो.

काकांनी शिकवलेलं मला झोपेतून उठवून विचारा. पातं बसवलं की ओढून बघायचं, निघालं नाही पाहिजे. कापायचं ते शिकंज्यात घट्ट धरायचं. पातं पलीकडे निदान दोन बोटं निघेल एवढं लांब हवं, नाहीतर टोक आपटून करवत उसळते. पात्याच्या मागे जो लोखंडी पाय असतो तो आधी कामाला टेकवायचा, मगच खटका दाबायचा. दोन्ही हातांनी धरायची. भिंत कापायची असेल तर आत वायर आहे का, पाईप आहे का, ते आधी शोधायचं. काम झालं तरी पातं पूर्ण थांबेपर्यंत खाली ठेवायची नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, जो दुसऱ्या कुठल्या वर्कशॉपात असेल असं मला वाटत नाही: बॅटरी खिशात. पात्याला हात लावायच्या आधी बॅटरी काढायची, खटका एकदा मोकळा दाबून करवत मेली आहे ना ते बघायचं आणि ती बॅटरी स्वतःच्या खिशात टाकायची. टेबलावर नाही, दुसऱ्याच्या हातात नाही. काका म्हणायचे, “खिसा जड तर हात सुखरूप.” आमच्या सगळ्यांच्या पॅंटींचे उजवे खिसे त्यापायी फाटलेले आहेत.

आता अडीच महिन्यांपूर्वीच्या ज्या मंगळवाराबद्दल कुणी बोलत नाही, त्याबद्दल मला बोलायचं आहे. मॅडम, तुम्ही माझ्याकडे असं बघू नका, मी आधीच घाबरले आहे.

सकाळचे अकरा वाजले होते. बाकीचे सगळे पाण्याच्या टाकीवर गेले होते. वर्कशॉपमध्ये काका आणि मी, दोघंच. काका पातं बदलत होते. पुढचं बसवताना खटक्याला बोट लागलं आणि करवत सुरू झाली. अर्धवट बसलेलं पातं उडालं आणि डाव्या तळहाताला अंगठ्याखाली चिरून गेलं. सात टाके. अंगठा आजही पुरता वळत नाही. मी फडकं दाबून धरलं होतं आणि काका स्वतःच्या हाताकडे बघतच नव्हते. ते करवतीकडे बघत होते आणि एकच वाक्य परत परत म्हणत होते, “अगं, बॅटरी माझ्या खिशात आहे. बॅटरी माझ्या खिशात आहे.”

आणि बॅटरी करवतीत होती. मी डोळ्यांनी बघितली. आम्ही सगळ्यांनी काय म्हटलं? वय झालं. धक्का बसलाय, काहीतरी बरळतायत. मीही तेच म्हटलं. चार दिवसांनी काकांनीही तेच म्हटलं. मॅडम जबाब घ्यायला गेल्या तेव्हा त्यांनी लिहून दिलं, ‘बॅटरी काढली असा माझा समज होता. प्रत्यक्षात काढली नसावी. चूक सर्वस्वी माझी.’ खाली सही. झालं, प्रकरण मिटलं.

मिटलं कसलं! काकू, मी सांगितलं तर रागावू नका. काकूंनी मला फोनवर सांगितलं, हे आता गॅस पेटवत नाहीत. स्कूटरच्या किल्ल्या जावयाला देऊन टाकल्या. बाहेर पडताना कुलूप तीनतीनदा ओढून बघतात आणि जिन्यावरून परत येऊन चौथ्यांदा. नातीला कडेवर घेत नाहीत, म्हणतात, “मी कुठेतरी ठेवून विसरलो तर?” ज्या माणसाने आम्हा तीस जणांची बोटं शाबूत ठेवली, तो नातीला घ्यायला घाबरतो. मला वाईट वाटायचं, पण मी म्हणायचे, काय करणार, वयापुढे कुणाचं चालतं?

परवा मी कपाटाचा ताबा घेत होते. यादीत लिहिलंय, रेसिप्रो करवत एक, बॅटऱ्या दोन. दुसरी बॅटरी अपघाताच्या आदल्याच महिन्यात आली होती. काकांनी दोघींवर रंगाने आकडे घातले होते, एक आणि दोन. मी शोधते तर एकही सापडेना. मग मॅडमचा अहवाल काढला. त्यात लिहिलंय, करवतीतली बॅटरी क्रमांक दोन, सील करून सुरक्षा कार्यालयात जमा. ठीक. मग एक कुठे गेली? अर्धा तास धुंडाळलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझ्याच खणात, सगळ्यात मागे, रुग्णालयाची पांढरी पिशवी. त्यात बॅटरी. क्रमांक एक.

ती पिशवी काकूंनी दिली होती. आठवतं का काकू? तुम्ही म्हणालात, “यांचे रक्ताचे कपडे रुग्णालयाने परत दिले, खिशात हे होतं, तुमचं असेल.” मी घेतली आणि खणात टाकली. विचारसुद्धा केला नाही. अडीच महिने ती तिथे पडून होती.

म्हणजे काका खरं सांगत होते. बॅटरी त्यांनी काढली होती. खटका मोकळा दाबून बघितला होता. खिशात टाकली होती. मग पातं आणायला ते पलीकडच्या कपाटाकडे गेले. परत आले, खिसा चाचपला, जड लागला आणि कामाला लागले. बॅटरी करवतीच्या शेपटीला असते. पात्याच्या बाजूने बसणाऱ्याला ती दिसत नाही. इतकी वर्षं एक करवत आणि एकच बॅटरी होती, तेव्हा या नियमात चूक नव्हती. दोन झाल्या आणि आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही की एक खिशात असताना दुसरी आत बसू शकते.

मग दुसरी आत बसवली कुणी?

परवापासून मी हेच स्वतःला विचारते आहे. आधी मला काही म्हणजे काहीच आठवेना. मग चार्जरचा हिरवा दिवा आठवला. दिवा हिरवा झाला की मी बॅटरी काढून घेते, ती माझी सवयच आहे. मग ती ठेवायची कुठे? समोर करवत, तिची जागा रिकामी. डब्याचं झाकण दिसलं की आपण डब्याला लावतोच ना, तसं. खट्ट आवाज आठवतो. त्यानंतर मी बहुतेक पाईपच्या मापांच्या कागदाकडे वळले. बहुतेक. शपथेवर सांगू शकत नाही, हाच तर घोळ आहे. पण वर्कशॉपमध्ये दोघंच होतो आणि काका माझ्याकडे पाठ करून कपाटापाशी उभे होते.

दोन दिवस मी काय करावं ते कळत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एकदा वाटलं, समारंभानंतर हळूच काकांच्या कानात सांगावं. मग वाटलं, वयाचा ठपका सगळ्यांसमोर बसला आणि पुसायचा मात्र कोपऱ्यात? नणंदबाई म्हणाल्या, “भाषणात असलं काही बोलू नकोस, समारंभाचा विचका होईल.” झाला तर होऊ दे.

काका, तुम्ही उठू नका. बसा. मला पुरं करू द्या, नाहीतर परत जमायचं नाही. तुम्ही विसरला नव्हता. तुम्ही सगळं केलं होतं, जसं आम्हाला शिकवलं तसंच, एकूणएक. विसरले मी. तुमचा हात माझ्यामुळे कापला, आणि वर मीच लोकांना सांगत फिरले की काकांचं वय झालं. मला फार लाज वाटते आहे.

साहेब, नियम मला कळत नाहीत. अर्ज परत घेता येतो का, माझं पुढे काय होईल, मला काही माहीत नाही. एवढंच म्हणते, आज त्या आदेशावर सही करू नका. काकांना हवी असेल तर निवृत्ती त्यांनी खुशाल घ्यावी, पण त्या कारणाने नाही.

मला बोलायची संधी दिलीत, म्हणून अध्यक्ष साहेबांचे, मंचावरच्या मान्यवरांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात मागेपुढे झालं असेल, कुणाला मान द्यायचा राहिला असेल, नको ते तोंडातून गेलं असेल, तर ते सगळं पोटात घाला. बॅटरीचं तेवढं घालू नका. मॅडम, तुमचा अहवाल मी सोबत आणला आहे. त्यातल्या जबाबावर काकांच्या सहीच्या खाली माझ्या जबाबापुरती चार ओळींची जागा आहे. कुणाकडे पेन आहे का?