विश्रामबागेच्या गोळ्या

हसू नका, पण सांगतो. बायको वारली तवा मला झोप लागंना. एकटाच भिंतीसंगं बोलत बसायचो. गल्ली म्हणाली, "ह्याला बाहेरचं झालंय." मग काय, रोज सांजंला घर भरायचं. कुणी म्हसवडचा अंगारा लावायचं, कुणी लिंबू उतरून टाकायचं. शेजारचा अण्णा तर जेवणाचा डबाच आणायचा.

शेवटी पोरीनं सांगलीला, विश्रामबागेत डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं. गोळ्यांनी झोप लय झ्याक लागाय लागली. पण 'डोक्याच्या गोळ्या' म्हणून गल्लीत कळलं, आणि उंबऱ्याला कुणाचा पाय लागंना. अण्णाचाबी न्हाई.

परवा अण्णाला रस्त्यात गाठलं. म्हटलं, "अण्णा, परत बाहेरचं झाल्यागत वाटतंय."

सांजंला डबा आन् लिंबू घेऊन हजर! लिंबू उतरलं, दोघं पोटभर जेवलो.

गोळी मी तो गेल्यावर घेतली.