गारांत फेकलेला किल्ल्यांचा जुडगा

माहेर माझं इस्लापूरचं, किनवटाकडचं. आमचं शेत सहस्रकुंडाच्या अंगाला, पावसाळ्यात धबधब्याची अशी गाज की बांधावर शेजारी बसलेल्याशीसुद्धा ओरडून बोलावं लागायचं, त्यामुळं आमच्या घरात सगळ्यांचाच आवाज मोठा, माझा जरा जास्तच. लगीन होऊन लातूरला आले तर पहिल्याच दिवशी आत्याबाई म्हणल्या, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, तर म्हणल्या, अगं हळू बोल, इथं काय सगळे बहिरे हायेत? निजामाचं राज होतं तवा. कचेरीचा कागद उर्दूत यायचा, अन् मामंजी तो उलटा धरून मान हलवायचे, अन् सगळं समजल्यासारखं म्हणायचे, बराबर हाय.

तर काय सांगू तुम्हाला, घर चांगलं होतं, खाऊनपिऊन सुखी, पण कोठीला कुलूप. पीठ, गूळ, तूप, डाळ सगळं आत, अन् किल्ल्यांचा जुडगा आत्याबाईंच्या कमरेला. मूठभर पीठ पाहिजे असलं तरी आत्याबाईंच्या मागं मागं हिंडायचं. त्या देवपूजेला बसलेल्या असल्या तर पूजा होईपर्यंत थांबायचं, अन् मी आले की त्या पूजा लांबवायच्या, हे मी देवाच्या साक्षीनं सांगते. मला दागिना नको होता, लुगडं नको होतं, मला तो जुडगा पाहिजे होता. रात्री झोपतानासुद्धा त्या तो सोडायच्या न्हाईत, कूस बदलली की वाजायचा.

अन् एका साली होळी होऊन गेल्यावर आमच्या वन्संना, कमळाला, बघायला अहमदपूरचे पाहुणे आले. मुलगा तहसील कचेरीत कारकून, शेरवानी घालून आलेला, सोबत त्याचे वडील. उकाडा तर असा की मुलाचा घाम शेरवानीतून बाहेर येऊन राहिलेला. आत्याबाईंचा हिशोब ठरलेला असायचा, आधी नुसता चहा, मग पाहुण्यांचं तोंड बघायचं, पसंती दिसली तर पुरणपोळी, न्हाई दिसली तर पिठलं. म्हणून कोठीतून अजून काहीच बाहेर काढलेलं न्हाई, ध्यानात ठेवा.

मुलाचे वडील मोकळे माणूस. म्हणले, आमच्या घरी सून म्हणजे लेक. आत्याबाई कशाला मागं राहतील? त्या म्हणल्या, आमच्याकडं तर सगळा कारभारच सुनेच्या हाती, किल्ल्यासुद्धा तिच्याच कमरेला, मी आपली देवधर्म करते. अन् हे म्हणता म्हणता पदर ओढून जुडगा झाकला. मी दारात चहा घेऊन उभी. तशीच पुढं झाले अन् कप पाहुण्यांपुढं ठेवले.

तेवढ्यात आभाळ फुटलं. आधी गोठ्याच्या पत्र्यावर कुणी खडे मारल्यासारखं, मग पाट्या ओतल्यासारखं, अन् बघते तर अंगणात बोराएवढ्या गारा! लातुरात! जिथं उन्हाळ्यात रांजणसुद्धा गार होईना तिथं बरफ. आता आमच्याकडं गारा आल्या की अंगणात लोखंड फेकायचं, मग गारा थांबतात म्हणायचे. आत्याबाईंनी तवा फेकला. गारा वाढल्या. उलथणं फेकलं, विळी फेकली. मामंजींनी कुदळ, फावडं, खोरं. गारा आवळ्याएवढ्या झाल्या. पत्र्याच्या आवाजात कुणाला कुणाचं ऐकू येईना, अन् आत्याबाई पुढची वस्तू शोधून राहिल्या, घरात लोखंडच उरलं न्हाई, तवा त्यांनी देवाचं नाव घेतलं, कमरेचा जुडगा सोडला अन् दिला अंगणात भिरकावून.

मी पाहिलं. तुळशीच्या कट्ट्याजवळ पडला.

गारा थांबल्या, पण त्या आपल्याआप थांबल्या असं मी म्हणते, आत्याबाई शेवटपर्यंत वेगळं म्हणायच्या. अंगण पांढरं, घोट्याएवढा थर. पण अंगणाचं कुणाला काय, आमचं माळवद मातीचं. त्यावर तेवढाच बरफ, तो वितळून मातीत मुरला की छप्पर खाली यायचं, अन् खाली पाहुणे बसलेले. गारा लोटायला फावडं पाहिजे, अन् फावडं कुठं? गारांखाली! मामंजी नुसते हात चोळत बसले. मग मी माझा इस्लापूरचा आवाज काढला. म्हणलं, पाट घ्या, सुपं घ्या, पराती घ्या, अन् चढा वर सगळे! पाहुणेसुद्धा चढले हो. शेरवानीवाला पाटानं गारा लोटतोय, त्याचे वडील परातीनं, कमळा लुगडं खोचून सुपानं. बघायला आले होते तिला, तिनंच त्यांना बघून घेतलं. ती मुलाला म्हणाली, अहो कारकून, कागद सरकवताय का? जोर लावा की. मुलगा हसला अन् पाय घसरून गारांत बसला.

छप्पर वाचलं. खाली आले तर सगळ्यांना भूक, अन् कोठीला कुलूप. आत्याबाई अंगणात वाकून हातानं गारा उकरू लागल्या. पाहुणे म्हणले, काय शोधताय? तर म्हणे तवा. तवा सापडला, तरी उकरून राहिल्या. मुलाच्या वडलांनाही कळेना, ही बाई आता काय शोधते. मी आत गेले, चुलीवर चहाचं आधण उरलेलं होतं ते आणलं अन् तुळशीच्या कट्ट्याजवळ ओतलं. बरफ बसला, जुडगा वर आला.

पाहुणे म्हणले, किल्ल्या? आत्याबाईंनी हात पुढं केला होता, तो तसाच हवेत थांबला. मग त्या तोंड गोड करून म्हणल्या, सुनेच्याच कमरेच्या हायेत, धावपळीत पडल्या असतील. मी म्हणलं, हो, पडल्या होत्या. अन् खोचल्या कमरेला.

मुलाचे वडील आत्याबाईंना म्हणले, ताई, मला वाटलं आपण बोलायचं म्हणून बोलताय, पण खरंच निघालं. ज्या घरात सुनेचं असं चालतं तिथली लेक आम्हाला पसंत. मी कोठी उघडली, कुणाला न विचारता हरभऱ्याची डाळ काढली, गूळ काढला, तूप काढलं. आत्याबाई कानाशी येऊन म्हणल्या, तूप कमी घे. मी म्हणलं, आत्याबाई, हळू बोला, पाहुणे ऐकतील.

त्यांना वाटलं, पाहुणे गेले की घेऊ परत. पण मग साखरपुडा, मग लगीन, मग दिवाळी, मग बारसं, अहमदपूरचे येतच राहिले, अन् प्रत्येक वेळी व्याही आधी माझ्या कमरेकडं बघायचे. आत्याबाईंना मोका काही मिळाला न्हाई. कमळा मात्र सुखात हाय, तिच्या सासूनं किल्ल्या लगेच दिल्या, आमच्या घराचं बघून.

आत्याबाई गेल्या, शेवटी शेवटी माझ्यावर माया करायच्या, देव त्यांना सुखात ठेवो. आता माळवद जाऊन स्लॅब पडलाय, अन् मला सून आलीय. चांगली हाय, कामाची हाय. आभाळ काळं झालं की येऊन उभी राहते अन् मला म्हणते, आत्याबाई, गारा येतील, काहीतरी लोखंडाचं टाका की. अन् माझ्या कमरेकडं बघते. मी तिच्या हातात उलथणं देते. म्हणते, आधी हे टाकून बघ, बाई.