नटी अंगणात, आत्या माजघरात

मंडळी, ऐका! बोलणारे थांबा, झोपणारे जागे व्हा. विठ्ठलाचं नाव घेऊन मी एक साधा प्रश्न विचारतो. मोठा माणूस अचानक दारात आला, तर तुमच्या घरात काय वाढतं — आणि काय कमी होतं?

वाढतं काय ते सगळ्यांना माहीत आहे. खुर्च्या वाढतात! शेजारी वाढतात! कमी काय होतं, त्याचं आजचं आख्यान आहे.

मोठी माणसं मलाही भेटलीत हो. एकदा एस.टी. स्टँडवर एक नावाजलेले गवई दिसले. मी धावत जाऊन पाया पडलो. ते म्हणाले, "बाजूला व्हा, गाडी सुटेल." झालं! एवढाच प्रसाद! आणि दुसऱ्यांदा भेटले एक पैलवान, मोठमोठ्या गदा जिंकलेले. मला लघवीला जायचं होतं, हातात वीणा. म्हणाले, "द्या बुवा, धरतो." मी येईपर्यंत वीणा छातीशी धरून उभे! आता सांगा, गवई वाईट आणि पैलवान चांगला का? तसं नाही. गवयाची गाडी खरंच सुटत होती!

तर ऐका. घाटाच्या पायथ्याला रस्त्याकडेला एक घर. घर निवास शेलाराचं. मुलगी झाली — बऱ्याच वर्षांनी झाली — आणि त्या दिवशी तिचं बारसं. दारात मांडव, पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्या शिजलेल्या. बारशाला मान कुणाचा? बोला की! आत्याचा! बाळाच्या कानात कुर्र कोण करणार? आत्या! आणि पाठीत धपाटे कोण खाणार? तीही आत्याच! मान असा फुकट मिळत नाही, बायांनो!

निवासची बहीण शालन. त्याच्यापेक्षा मोठी, तो तिला आक्का म्हणायचा. आणि ही आक्का सहा वर्षांनी माहेरी आली होती. का? सांगतो. आई गेली, तेव्हा निवासनं गावभर निरोप धाडले, पण बहिणीला फोन केला नाही. कुणाकडून तरी कळलं, ती धावत आली, तर चिता विझत आलेली. तोंडसुद्धा दिसलं नाही आईचं. त्या दिवशी अंगणातूनच मागं फिरली, ती पुन्हा आली नाही. राखी पोस्टानंसुद्धा पाठवली नाही. पण पोर झाली, आणि भावजय रेश्मानं स्वतः फोन केला, "वन्सं, तुमच्याशिवाय पाळणा हलायचा नाही." आली हो! हातानं शिवलेली कुंची घेऊन आली. हे जर आज जुळलं, तर भाऊ-बहीण जुळले. आणि आज तुटलं, तर कायमचं तुटलं. एवढं लक्षात ठेवा.

बायका जमताहेत, पाळणा सजतोय, तेवढ्यात दारात मोटार थांबली. पांढरी, मोठी, काळ्या काचांची. दार उघडलं आणि कोण उतरलं? टीव्हीतल्या ताईसाहेब!

नटीचं खरं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही इथंच मोबाईल काढून शोधत बसाल. मालिकेत भावांसाठी झिजणारी थोरली बहीण करायची — ताईसाहेब. आणि निवास तिचा भक्त! ताईसाहेबांनी पदर डोळ्याला लावला की हा इकडं उपरण्यानं नाक पुसायचा. खोट्या बहिणीसाठी रोज संध्याकाळी रडला, आणि खरी बहीण? तिच्यासाठी मालिका नव्हती ना!

ताईसाहेबांचा चेहरा उतरलेला. घाटात गाडी लागली होती हो! वळणं मोजत नाही पोट, मोठा-लहान बघत नाही. त्या म्हणाल्या, "बाथरूम आहे का? मला बरं वाटत नाहीये. जरा बसते."

निवासनं यातला शेवटचा शब्दच ऐकला. बसते! बसणार! आपल्या घरी!

"रेश्मा! ताईसाहेब बसणारेत! नाव तेच ठेवतील पोरीचं!"

रेश्मा म्हणाली, "अहो, आणि वन्सं?"

"आक्का काय, घरचीच आहे. तिला काय वाटतंय!"

मंडळी, 'घरचीच आहे' — किती गोड शब्द! आणि आपण तो कधी वापरतो? माणसाला पंगतीत मागं ठेवायचं असलं की वापरतो. माजघराच्या दारात कुंचीची नाडी ओवत शालन उभी होती. तिनं ऐकलं. आत गेली आणि पिशवी भरायला लागली.

इकडं निवासनं फोन काढला. सरपंचांना लावला, डेअरीच्या चेअरमनला लावला, भजनी मंडळाला लावला. "लवकर या, ताईसाहेब आल्यात! बारसं त्यांच्या हातानं!" बघता बघता मांडव फुल्ल! ज्यांना बारशाचं आमंत्रण होतं तेही आले, ज्यांच्याशी बांधावरून भांडण होतं तेही आले!

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, त्या ताईसाहेब कुठं? मागच्या दारी, मोरीजवळ, वाकलेल्या! त्यांचं कपाळ कुणी धरलं होतं? शालननं. पिशवी तिथंच टाकून उठली. पोट मोकळं झाल्यावर चूळ भरायला पाणी दिलं, आल्याचा तुकडा मिठाला लावून दिला, वळकटी सोडून निजवलं. खिडकीतून पोरं डोकावली, ती हाकलली. फोटो मागितला नाही, सही मागितली नाही.

नटी जराशी सावरली. म्हणाली, "तुम्ही बाळाच्या कोण?"

"आत्या."

"मग नाव तुम्ही ठेवणार!"

"तुम्ही ठेवणार म्हणतोय भाऊ."

"मी? मला तर कुणी विचारलंच नाही!"

"मलाही नाही विचारलं," शालन म्हणाली.

एक प्रसिद्ध, एक अप्रसिद्ध, आणि दोघींची तक्रार एकच! दोघी हसल्या. मग नटी उठून बाहेर गेली.

बाहेर सरपंचांनी हार घातला. झेंडूचा वास नाकात गेला, पुन्हा मळमळलं, तिनं हार काढून बाजूला ठेवला. निवासनं पोर पुढं केली. तिनं हात मागं घेतले. "नको, माझ्या हातून काहीतरी व्हायचं. आणि हे काम माझं नाहीच. आत्या आहे ना आत? चला ड्रायव्हरदादा, गाडी काढा." बसली आणि गेली!

उलटीच्या भीतीनं गेली, की शालनसाठी गेली? मला विचारू नका, मी गाडीत नव्हतो. पण मांडवात काय सुरू झालं ते सांगतो. "शिष्ट आहे!" "टीव्हीत गोरी दिसते, तशी नाही काही!" "आपला हार काढून ठेवला!" ज्या तोंडांनी ताईसाहेब म्हटलं, त्याच तोंडांनी! आणि निम्मा मांडव उठून घरी गेला.

निवास काळवंडलेल्या तोंडानं माजघरात आला. "आक्का, चल. आता तूच ठेव नाव."

आता तूच! ऐकलंत?

शालन पिशवीची गाठ मारत होती. "नटी गेली म्हणून मी? दुसऱ्यानं बाजूला सारलेलं ताट माझ्यापुढं ओढतोस व्हय?"

"तसं नव्हे गं..."

"आई गेली तेव्हा तुला माझा नंबर सापडला नाही. आज नटीसाठी अख्ख्या गावाचा सापडला."

"त्या दिवशी घाईत राहिलं, आक्का."

"राहिलं?"

निवास खाली बघत म्हणाला, "राहिलं नाही. केला नाही. तू लांब, यायला दुपार टळली असती. सगळी माणसं जमली होती. म्हणाली, किती खोळंबायचं?"

मंडळी, माणसं खोळंबू नयेत म्हणून लेकीला आईचं तोंड दिसलं नाही! यात वाईट कोण? कुणीच नाही! सगळ्यांना घरी जायची घाई होती, एवढंच.

शालनच्या डोळ्यांतनं पाणी आलं. पण ती म्हणाली, "मग आता फोन काढ. नटीसाठी ज्यांना लावलास, त्यांना परत लाव. सांग, माझी बहीण आलीय."

"लोक हसतील, आक्का."

"हसू देत. नाहीतर पाचची गाडी आहे मला."

काय करतो! लावला. सरपंच म्हणाले, "काय? ताईसाहेब परत आल्या?"

"नाही. माझी बहीण आलीय. शालन."

"बरं मग?" आणि फोन ठेवला.

चेअरमनला लावला. "माझी बहीण आलीय." ते म्हणाले, "जेवण आहे का?" हसता काय? तुम्हीही हेच विचारलं असतंत!

मग वरच्या आळीतल्या तानूकाकीला लावला. आईची मैत्रीण, गुडघ्यांनी अधू. "काकी, माझी बहीण आलीय." तिकडून म्हातारी ओरडली, "शालन? आपली शालन? कधी आली रं? थांबा, मी येते! मी आल्याबिगर नाव ठेवू नका!"

आणि निवासला हुंदका फुटला. "आक्का आलीय, काकी... आक्का आलीय..."

बाहेर भटजी ओरडले, "अहो, मुहूर्त टळतोय! मंडळी खोळंबलीत!"

निवास दारात गेला. नाक पुसलं. म्हणाला, "खोळंबू देत. आक्काची माणसं यायची आहेत."

शालननं पिशवी खाली ठेवली.

काकी काठी टेकत टेकत आली, तोवर उरलेला सगळा मांडव थांबला. मग पाळण्याशी आत्या वाकली, कानात कुर्र केलं, आणि बायकांनी सहा वर्षांचे साठलेले धपाटे घातले! नाव रेश्मानं आधीच ठरवलेलं, ईश्वरी. आत्यानं तेच ठेवलं. तिला नाव बदलायचं नव्हतं. तिला त्या कानाशी जागा हवी होती.

आता तुमच्याकडं वळतो. कीर्तन संपलं की तुम्ही माझ्या पाया पडायला रांग लावाल. बुवा, एक फोटो! मी कोण हो? उद्या दुसऱ्या गावी असेन. पण तुमचं एखादं माणूस असेल — 'घरचंच आहे' म्हणून ज्याला मागं ठेवलंत, कळवायचं होतं आणि कळवलं नाहीत, बोलावायचं होतं आणि बोलावलं नाहीत. ते आठवलं ना? चेहऱ्यावरून दिसतंय, काहींना आठवलंय.

मग खिशातला फोन काढा. हो, कीर्तनातच! देवाला चालतं. त्याला लावा आणि म्हणा, ये.

टाळकऱ्यांनो, थांबा. गजर नंतर. लावा तुम्ही फोन. मी खोळंबतो.