काळ्या प्रवाळावरचा मुक्काम

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मावशी-भाची बसल्या होत्या.

"चार वर्षं समुद्रात बुड्या मारून शोधलंस काय, तर हा एवढासा किडा?"

"किडा नाही मावशी, बार्नेकल. खेकड्याच्या कुळातला, कवचवाला जीव. नवीन जात आहे, काळ्या प्रवाळावर राहते."

"राहून काय दिवे लावते?"

"काही नाही. लहानपणी पोहते तेवढीच. एकदा प्रवाळाला डोकं चिकटवलं की जन्मभर हलत नाही. पडल्यापडल्या पाय हलवायचे, की घास तोंडात."

"आणि प्रवाळ हाकलत नाही?"

"उलट अंगावर पांघरूण घालतं."

"मूर्ख मेलं! नाव काय ठेवलंस?"

"माणसाचं ठेवता येतं. मी काकांचं ठेवलं."

"आमच्या ह्यांचं?"

"रागावलीस?"

"छापून आलं?"

"आलं. आता बदलत नाही."

"मग एक प्रत दे. मीच वाचून दाखवते, हे काही उठून हातात घ्यायचे नाहीत."