कानाला गेरू

— न्हाई सायेब, खोकं दाराभाईर ठेवा, तिला दिसाय नको. आता बसा. व्हय, ती आढ्यावरची, तीच माकडी. तिला इंग्रजी येतंय म्हणून सांगतो मी गावात. खोटं? आवं, निम्मं खरं हाय — टोपीवाला दिसला की तोंड फिरवती.

मागं सतरा दिली, मग हीच का न्हाई म्हणता? दिली की. लढाई सरली त्या साली तुमच्या आधीचं डाक्टर आलतं. म्हणालं, बिराप्पा, माकडं तपासायला न्यायचीत, तापावर औषध निघंल. माझी बायको धोंडुबाई तापातच गेल्याली — म्हटलं, न्या. तपासायचं म्हंजे आमाला काय ठावं? जीभ बघत्यात, नाडी बघत्यात, घरी धाडत्यात. म्हणून मग — आमी धनगर, मेंढरं दुसऱ्याच्या कळपात घालताना कानाला गेरू लावतो, परत आल्यावर वळखायला — तसा सतराच्या सतरा कानांला गेरू लावला. डाक्टर हसलं. मला वाटलं, कौतुकानं.

धरली कशी? लोकास्नी सांगतो, चिंचंवर चढलो, एकेका हातात दोन-दोन. तसलं काय न्हवतं. धोंडुबाई दर शनवारी फुटाणं टाकायची, ‘या गं बायांनो’ म्हणायची. मी तिचं लुगडं पांघरलं, तशीच हाक मारली. आली… आपल्या पायानं पिंजऱ्यात आली. ही एकटी वर राहिली. पदराखालच्या मिशा दिसल्या असत्याल हिला.

मग मी मिरजंच्या ठेसनावर जाऊन बसायचो, परत येत्याल म्हणून. एक दिस त्यास्नी नेल्याली खोकीच आली, रिकामी. एका फळीला आतनं गेरू घासल्याला.

डाक्टरास्नी इचारलं. म्हणालं, अरे, त्यांचं शरीर माणसासारखं असतंय, म्हणून तर नेतो. मी म्हटलं, माणसासारखं हाय म्हणून तर इचारतोय. ते टोपी घालून उठलं. तुमीबी टोपी चाचपताय.

औषध निघू दे, कुणाची तरी बायको वाचंल, मी न्हाई म्हणत न्हाई. पर आता शनवारी हाक मारली तर चिंच हालत न्हाई. ही तेवढी येती. मी थापा मारतो, ही उवा बघती — दुसरं कोण हाय ऐकायला?

हिचा कान बघा. गेरू हाय? न्हाई न्हवं? मग ही कुठं जायची न्हाई.

उठा सायेब. खोकं घेऊन मागल्या वाटंनं जावा. तिला दिसाय नको.